आवाज नेमका कुठला? खाडीतल्या होडीच्या मोटरच्या प्रकल्प नोंदी

४ जून

मासेमारीबंदी लागून चार दिवस झाले. देवबागला होड्या माडांखाली ओढून ताडपत्र्या बांधून ठेवल्यात. तांडेलकाकांची २२ फुटी फायबरची होडी मात्र अजून उघडीच. सकाळीच ते मालवणात माझ्या वर्कशॉपला आले आणि बाकावर बसत म्हणाले, "ह्यां मशीन आता काढून टाक. करंटावर चलता तसला काय ता बसव."

हा विषय आमच्यात गेल्या दिवाळीपासून चाललाय. पहाटे जाळं, दिवसा पर्यटक असा काकांचा दिवस असतो. कर्ली खाडीत कांदळवन दाखवायचं, मुखाशी नेऊन डॉल्फिन दाखवायचे. होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं आऊटबोर्ड इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, जुनं. मे महिन्यात मी आवाज मोजायचा मीटर घेऊन त्यांच्या शेजारी बसलो होतो. अर्ध्या थ्रॉटलला त्यांच्या कानाशी ९२ डेसिबल भरले. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० ची मर्यादा आहे. होडीवर कुणी मोजत नाही.

तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली होती. काका उजव्या बाजूला बसतात आणि डाव्या हाताने सुकाणूची दांडी धरतात. म्हणजे तीस वर्षं डावा कान इंजिनाकडे. आज बोलतानाही ते मान वळवून उजवा कान पुढे करत होते. "डाव्या कानान माका नीट आयकाक येना नाय. सात-आठ वर्सां झाली," असं त्यांनी पावसापाण्याच्या गोष्टीसारखं सांगितलं. मला ते तसं घेता आलं नाही. काम करायचं, पैसे जमतील तसे द्यायचे, असं ठरलं.

११ जून

आराखडा तयार. इंजिनाचं डोकं काढायचं, खालचा लेग (पाण्यात उतरणारा, पंखा धरणारा भाग) तसाच ठेवायचा आणि त्याच्या उभ्या शाफ्टवर ४ किलोवॅटची परमनंट मॅग्नेट मोटर बसवायची. सुकाणूची दांडी तीच राहील, म्हणजे काकांच्या हाताची सवय मोडणार नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ जोडले की ५१.२ व्होल्ट. २०० अँपिअर-तास घेतले तर साधारण १० युनिट वीज साठते. त्यातली ८ युनिटच वापरायची, तळ गाठायचा नाही. ४ नॉटला (ताशी साधारण साडेसात किलोमीटर) २ किलोवॅट लागतील असा माझा हिशेब, म्हणजे चार तास. काका विचारत होते, ५ नॉटने गेलं तर? पाण्यात ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढत जाते. पाव पट वेग वाढवला की वीज जवळजवळ दुप्पट आणि चार तासांचे दोन तास. हे मी त्यांना वहीत आकडे मांडून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "भरतीच्या वक्ताक वर येवक गावात मा?" येईल. भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर जाणारा माणूस आहे. त्याची निम्मी वीज समुद्र वाचवतो.

घरी बायको म्हणाली, असलं कुणी केलंय का आधी? केलंय की. केरळात वैक्कमहून तवणक्कडवला जाणारी ‘आदित्य’ ही ७५ माणसांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून चालते. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ ला सुरू झाली. तिथे शंभर-शंभर प्रवासी घेऊन बॅटरीच्या बोटी जातात. आपल्याकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याने होडी मारत कांदळवन दाखवतात. आवाजाचा प्रश्न त्यांनी मोटरशिवायच सोडवला आहे. मला वल्ह्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचंय.

२० जून

मोटर यायला दोन आठवडे. तोवर कुडाळच्या एका शिवणकाम युनिटचं काम घेतलं. बारा मशीन्स, सगळ्यांना जुन्या क्लच मोटरी.

क्लच मोटर कशी चालते हे ज्याने पाहिलं नाही त्याला तिचा त्रास कळत नाही. स्विच पाडला की ती मिनिटाला २,८०० च्या वर फिरायला लागते आणि संध्याकाळी स्विच बंद होईपर्यंत फिरतच राहते. पायडल दाबलं की क्लच टेकतो, सुई चालते. पाय काढला की सुई थांबते, मोटर नाही. कापड वळवताना, दोरा ओवताना, चहा पिताना, सगळा वेळ बारा मोटरींची घरघर डोक्यावर. त्यांच्या जागी बसवायची सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते आणि दाबाप्रमाणे वेग घेते. कापडाचा टोकाचा अवघड कोपरा एकेका टाक्याने घेता येतो.

दुपारपर्यंत आठ बदलल्या. खिडकीपाशी बसणाऱ्या मावशींनी स्विच पाडला, थोडा वेळ थांबल्या, मग वाकून मोटरच्या अंगाला हात लावला. "लाईट गेली काय हो?" म्हटलं, मावशी, पाय टेका. सुई टकटक करत चालली तशा त्या दचकल्याच. मग पुन्हा थांबल्या आणि पुन्हा हात लावून बघितला. चारच्या सुमारास पाहतो तर बाराही जणी एकमेकींशी साध्या आवाजात बोलत होत्या. सकाळी मी आलो तेव्हा एकीने दुसरीकडे कात्री मागायला हाक मारली होती, ती मला बाहेर मोटरसायकल लावताना ऐकू आली होती.

शेवटी बसवलेल्या चार मोटरींचे कंट्रोलर (मोटरचा करंट सांभाळणारे डबे) पुरवठादाराने ठरल्यापेक्षा वेगळे, हलके पाठवले आहेत. उभं असतानाही त्यांची कानात शिरणारी शिट्टी येते. परत पाठवतोय. कमी डेसिबल दाखवणारी गोष्टही छळू शकते हे मीटर सांगत नाही.

३ जुलै

मोटर आली. बाकावर शिकंज्यात धरून चालवली आणि मन खट्टू झालं. घरघर नाही, पण कण्हल्यासारखा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा.

वडिलांनी शिकवलेली रीत: लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग बिघडलं असेल तर वाळू चावल्यासारखं ऐकू येतं. दोन्ही बाजू तपासल्या, स्वच्छ. टोक स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाच्या) अंगावर आणलं तेव्हा कण्हणं सापडलं. म्हणजे आवाज लोखंडाचा, विजेच्या हुकमाने थरथरणाऱ्या.

सोबत आलेला कंट्रोलर सहा टप्प्यांचा निघाला. तो करंट गोल फिरवत नाही, साठ-साठ अंशांच्या उड्या मारत नेतो. प्रत्येक उडीला चुंबकाला झटका, झटक्याला थरथर. साइन वेव्ह कंट्रोलर तोच करंट गुळगुळीत फिरवतो. माझ्याकडे ई-रिक्षाच्या कामातला एक पडून होता, तो जोडला. तीच मोटर, तेच बेअरिंग, आणि कण्हणं गेलं. अर्धा तास मी नुसता चालू-बंद करत बसलो होतो.

एक बारीक सूर राहिला, तो कंट्रोलरच्या स्विचिंगचा, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करण्याचा. हा वेग सेटिंगमध्ये बदलता येतो. माणसाचा कान २ ते ४ किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट, लहान मुलाच्या रडण्यातला टोचणारा भाग त्याच पट्ट्यात. स्विचिंग तिथून १६ वर नेलं की मोठ्या माणसाला जवळजवळ काही ऐकू येत नाही, पण कंट्रोलर जास्त तापतो. हात ठेवून पाहिला, ठेववेना. १२ वर आणून मागे जाड ॲल्युमिनियमची पट्टी दिली. ते बरं वाटलं.

९ जुलै

वादळी पाऊस. दोन दिवस लाईट नाही. लेगच्या खालच्या गिअरचं तेल बदललं, खारं पाणी शिरलेलं नव्हतं. लेगऐवजी आधी झिजणारा जस्ताचा ठोकळा नवा बसवला.

१६ जुलै

दाढ भरून घ्यायला सावंतवाडीला गेलो. दवाखान्यात मशीन नवीन, हवेवरचं नाही, इलेक्ट्रिक. हवेच्या टर्बाइनची बारीक किंकाळी, जी ऐकून निम्मे लोक दारातून परततात, ती नव्हती. हवेवरचं टोक मिनिटाला तीन लाखांच्या वर फिरतं, पण दातावर दाबलं की मंदावतं. इलेक्ट्रिकची मोटर ४०,००० ने फिरते, पुढे पाचपट गिअर म्हणजे २ लाख, आणि दाबलं तरी वेग सोडत नाही. डॉक्टरांनी काम झाल्यावर टोक हातात देऊन दाखवलं. बोटाएवढी मोटर.

परतताना पार्सल घ्यायला कुडाळ स्टेशनात थांबलो. कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. त्याआधी क्रॉसिंगला थांबलेलं डिझेल इंजिन अर्धा-अर्धा तास धडधडत असायचं, स्टेशनालगतच्या घरांत भिंतीवरची भांडी वाजायची. आता विजेचं इंजिन उभं असतं तेव्हा ऐकू येतो तो मोटरींचा नव्हे, त्यांना गार ठेवणाऱ्या ब्लोअरचा आवाज. गाडीच्या दोन टोकांच्या जनरेटर डब्यांचंही तसंच. डब्यांतल्या दिवे-पंख्यांना आणि एसीला लागणारी वीज इंजिनाकरवी वरच्या तारेतून घेता येते. तशी सोय असलेल्या गाडीत ते डिझेल जनरेटर चालवावेच लागत नाहीत.

३० जुलै

होडी जेट्टीला दुहेरी दोराने बांधून पाण्यात पहिली चाचणी. काका, त्यांचा नातू आणि मी.

दांडी पिळली. काका म्हणाले, "आवाज खंय गेलो?" त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं त्यासाठी सगळे हेलपाटे परवडले. पण ते सुख दोन मिनिटंच टिकलं. वेग वाढवला तशी होडी बोलायला लागली. फायबरचं सबंध अंग ढोलासारखं घुमत होतं आणि मागून पाण्यात खडे ओतल्यासारखी कडकड. कानाशी ७९ डेसिबल. इंजिन होतं तेव्हा हे सगळं त्याच्याखाली दडलेलं होतं.

घुमणं कुठलं ते लगेच कळलं. मोटर लेगवर बसवायला मी १० मिलिमीटरची लोखंडी प्लेट केली होती, ती सरळ बोल्टने आवळलेली. लेगची रबरी बुशं मिठाने दगड झालेली. मोटरचा बारीकसा थरकाप प्लेटमधून होडीत आणि होडी २२ फुटांचा पडदा.

कडकड पंख्याची. जुना पंखा लहान, भरभर फिरायला केलेला. पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका उतरतो की तिथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि पुढे जाऊन फुटतात. तो फुटण्याचा आवाज. ह्याच फुटण्याने पितळेच्या पात्यांना देवी आल्यासारखे खड्डे पडतात, काकांच्या पंख्यावर बोट फिरवलं तर लागतात.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगाने, आणि लांबवर जातो. आपल्या मुखाशी येणारे हम्पबॅक डॉल्फिन आवाजाच्या पडसादावरच भक्ष्य शोधतात, आवाजानेच पिल्लांशी बोलतात. वर माणसांना शांत वाटणारी होडी खाली कडकडत असेल तर माझं काम अर्धंच झालं. हे मी काकांना म्हटलं तर ते म्हणाले, त्यांना मी जन्मभर बघतोय, मशीन बंद केली की जवळ येतात.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेला काकांचा पुतण्या मुंबईहून आला होता. तो माझगाव डॉकमध्ये वेल्डर. तिथेच बांधलेली कलवरी पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. ह्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक, पाण्याखाली बॅटरीवर. पाणबुडीचा जीवच तिच्या गप्प राहण्यात. कामातलं तो काही बोलत नाही आणि मीही विचारलं नाही. पण जे कुठल्याही पुस्तकात मिळेल तेवढं त्याने माझ्या प्लेटकडे बघून सांगितलं: फिरणारी कुठलीही वस्तू अंगाला थेट टेकता कामा नये, मध्ये रबर हवंच. आणि एक बोल्ट जरी आरपार लोखंडाला लोखंड लागला तरी बाकीचं सगळं रबर फुकट.

माझं नेमकं तिथेच चुकलं होतं. चार बोल्टांना रबर देणार होतो, पाचवा अर्थिंगची वायर धरायला थेट. आता चारही बोल्ट रबरी बाहीतून, वर-खाली रबरी चकत्या, अर्थिंगला विणीची मऊ तांब्याची पट्टी. लेगची बुशं नवी. पंखा चार पात्यांचा, लेगवर मावेल तेवढा मोठा, हळू फिरणारा.

आज ४ नॉटला काकांच्या कानाशी ६६. आधी ९२. कानाला दर १० डेसिबलला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे हा सहावा हिस्सा. वीज २.२ किलोवॅट, हिशेबापेक्षा थोडी जास्त. खडे ओतल्याचा आवाज ४.५ नॉटच्या वरच सुरू होतो. तिथे दांडीवर लाल खूण केली.

२२ ऑगस्ट

गणपतीची बाजारपेठ भरली आहे. आज डोळ्यांदेखत एक ई-रिक्षा मागून आली आणि माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीच्या चौकटीचं) सामान घेऊन जाणाऱ्या आजींच्या कोपराला चाटून गेली. लागलं नाही, पण नारळ घरंगळले. आजी रागाने थरथरत होत्या: "हॉर्न नाय, आवाज नाय, माणसान काय करूचा?" बरोबर आहे त्यांचं. ती रिक्षा दुरुस्त करून दिलेली माझीच, म्हणून नारळ गोळा करताना मान वर करवेना.

युरोपात जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करणारं यंत्र बसवावं लागतं. त्याहून जास्त वेगाला टायरच वाजतात. मग होडीचं काय? खाडीत गुडघाभर पाण्यात पाग (हाताने फेकायचं जाळं) मारणारे पाठमोरे असतात, शिंपले काढणाऱ्या बायका वाकलेल्या असतात. इंजिनाच्या आवाजाने ते आपोआप बाजूला होत. संध्याकाळी काकांकडे गेलो तर त्यांनी पोटमाळ्यावरून एक पितळी घंटा काढली, त्यांच्या वडिलांच्या शिडाच्या गलबतावरची. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला टांगायची, माणूस दिसला की दोन टोल.

१० सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपले. दोन कामं झाली, एक फसलं.

फसलं ते पिठाच्या गिरणीचं. शेजाऱ्यांची तक्रार होती म्हणून गिरणवाल्या दादांनी मोटरला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा) बसवायला लावला. बसवला, मोटर हळुवार सुरू होते, बेल्ट आता किंचाळत नाही. पण दळणाचा आवाज तसाच. आवाज जात्याचा आणि दाणे आपटण्याचा होता, मोटरचा कधी नव्हताच. हे मी आधी कान लावून ओळखायला हवं होतं. ड्राइव्ह परत घेतला, पैसे परत केले, गिरणीखाली जाड रबर घालून दिलं.

जमलं ते काजू कारखान्यात. गर सुकवायच्या बोर्मा ड्रायरचा ब्लोअर पूर्ण वेगाने चालून हवेचा मार्ग झडपेने अडवलेला असायचा. म्हणजे गाडी ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकवर चालवायची. झडप पूर्ण उघडून ड्राइव्हने वेग २० टक्के उतरवला. पंख्याची वीज वेगाच्या घनाने उतरते, जवळजवळ निम्मी झाली. आवाज पाचेक डेसिबलने खाली आला. पलीकडच्या खोलीत गर सोलणाऱ्या बायकांनी मधलं दार पहिल्यांदाच उघडं ठेवलं, वारा यायला.

५ ऑक्टोबर

मेरिटाईम बोर्डाची तपासणी अजून व्हायची आहे, तोवर प्रवासी नाहीत. आज फक्त काका आणि मी, संध्याकाळची ओहोटी धरून मुखापर्यंत.

संगमापासून पाऊण मैलावर असतानाच काकांनी वेग उतरवला आणि उजवा कान समुद्राकडे केला. "बार फुटता हा, आयक." बार म्हणजे मुखावरची वाळूची पट्टी, तिच्यावर लाटा फुटत होत्या. मला नुसता समुद्र ऐकू येत होता. त्यांनी हाताने दाखवलं: उत्तरेला सलग गाज, मध्ये थोडी पोकळी, दक्षिणेला तुटक थापा. "दक्षिणेची वाट भरली. पावसान रेती आणल्यान." जवळ जाऊन दक्षिणेकडे बांबू टाकला, तीन फूट. गेल्या हंगामात तिथून भरल्या होडीने जात होते. म्हणाले, बापूस काळोखात असाच कान देऊन आत यायचा. इंजिन घेतल्यापासून हे कधी जमलं नव्हतं, डोळ्यांवरच सगळं.

मग त्यांनी मोटर बंद केली, वल्हं उभं पाण्यात सोडलं आणि दांड्याला डावा कान लावला. थोडा वेळ थांबून मान हलवली. कान बदलला. आणि मग बराच वेळ हलले नाहीत.

"ये हयसर."

मी कान लावला. लाकूड गार, ओलं. आधी काहीच नाही, मग खालून कुणीतरी बोटांनी सुपावर टिचक्या माराव्यात तशी टकटक, थांबून थांबून, एकाची, मग दोघा-तिघांची. ढोमा. पोटातल्या फुग्यावर स्नायू वाजवून हा मासा संध्याकाळी बोलतो हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि हाडातून आलेलं ह्यात फार अंतर आहे.

परत येताना पागवाले दिसले तेव्हा काकांनी दोन टोल दिले. त्यांनी वळून पाहिलं आणि हात केला. जेट्टीला लागलो तेव्हा बॅटरी ६१ टक्के, मोटर कोमट, बुशं कोरडी. घंटेचा दोर नायलॉनचा बदलून सुती करायचा, भिजला की घसरतो.

काका दोर बांधत होते. "फाल्या जाळा घेवन येवया," म्हणाले. "साडेपाचाक."